वैशाखात निघालेली गाडी

"तांब्या दे इकडं," हे म्हणाले.

मी दिला नाही. फिरकीचा तांब्या माझ्या मांडीवर होता. त्यात पाऊण तांब्या पाणी होतं आणि आमच्याजवळ तेवढंच होतं. गाडीचं पुढचं झाकण उघडं होतं, रेडिएटरमधून वाफ फुसफुसत होती. मागच्या सीटवर माझी लेक नंदा दोन्ही हातांनी पुढच्या सीटची पाठ धरून बसली होती. नववा महिना. पाणमोट फुटून पाव तास झाला होता. सीट ओली होती, माझं लुगडं ओलं होतं. अक्कलकोट मागं राहिलं होतं आणि सोलापूर लांब होतं. वैशाखातली दुपार. सावलीला एक बाभूळ, तीही रस्ता सोडून आत, बिनपानांची.

"अगं, पाण्याशिवाय गाडी हलायची न्हाई."

"आन पोरीला काय देऊ? बाळाला कशानं पुसू?"

"गाडी हलली तर तासाभरात दवाखान्यात असू की."

"आन न्हाई हलली तर?"

ह्यांचा हात पुढं केलेला तसाच राहिला. नंदा दातावर दात दाबून म्हणाली, "अव्वा, भांडू नका. मला धरा कुणीतरी."

मी तांब्या दोन पायांत घट्ट धरला आणि तिला धरलं.

यंदा पुन्हा आमच्या भागात नळाला सहाव्या दिवशी पाणी येतं. येतं तेही वेळ सांगून येत नाही. सून मोबाइलवर विचारत बसते, तुमच्याकडं आलं का, तुमच्याकडं आलं का. आलं की घरातलं प्रत्येक भांडं बाहेर निघतं, कुकरचा डबासुद्धा. मला आता भरायला उठवत नाहीत. मी खिडकीशी बसून कोणतं भांडं राहिलं ते सांगते, आणि सून म्हणते, "आत्या, दिसतंय मला." समोरचे गृहस्थ रोज सकाळी आपली पांढरी गाडी पुसतात. एक बादली जाते. गल्लीतल्या बायका त्यांना नावं ठेवतात. मी ठेवत नाही. आमच्या घरी एक माणूस असाच वाकून गाडी पुसायचा, तेही पाणी नसलेल्या वर्षी, आणि मी दारात उभी राहून त्याच्या पाठीला बोलायची.

दुष्काळ बहात्तरचा म्हणतात. पण आमच्याकडचं पाणी खरं संपलं ते त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. तेव्हा आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहत होतो, विणकरांच्या वस्तीत. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं सामायिक अंगण. दुपारी पत्रा तापला की कडकड वाजायचा, आणि वीज गेली की शेजारचे माग एकदम गप्प व्हायचे. मग पत्र्याचा आवाज जास्तच ऐकू यायचा. रेशनला लाल मिलो मिळायचा, अमेरिकेहून आलेली ज्वारी. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. आणि सगळ्या गल्लीला खळीचा वास असायचा. सुताला ताठपणा यावा म्हणून पिठाची पातळ पेज करून लावतात, ती खळ. उन्हाळ्यात ती लवकर आंबते. त्या वर्षीचा उन्हाळा म्हटलं की मला आधी तो आंबूस वास येतो, मग बाकीचं आठवतं.

गाडी माघात आली. बैलांनी ओढत आणली.

हे सतरा वर्षं एका वकीलसाहेबांकडं ड्रायव्हर होते. साहेब वारले तशी गाडी बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर चढवून ठेवली, आणि हे गिरणीत वॉचमन म्हणून लागले. नऊ वर्षं गाडी तिथंच होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. मग बाईसाहेबांनी बंगला विकायला काढला, त्या पुण्याला लेकीकडं निघाल्या. जाताना ह्यांना बोलावून म्हणाल्या, "शिवप्पा, भंगारवाला मागतोय. पण तुम्हाला हवी असेल तर घेऊन जा."

त्या दिवशी हे घरी आले ते जेवले नाहीत. मला वाटलं, बाईसाहेब निघाल्या म्हणून वाईट वाटलं असेल. ताटावरून उठता उठता म्हणाले, "गाडी आपली झाली."

"कुठली गाडी?"

"वकिलांची."

"ती मेलेली?"

"बंद हाय. मेली न्हाई."

मी म्हटलं, हातात पाणी घ्यायची मारामार आणि तुम्ही लोखंड घरात आणताय. ते ऐकायला थांबले नव्हते. बैलगाडीवाला ठरवायला गेले होते.

काळी, चार दारांची, पुढं नाक लांब. चढायला बाजूनं पायरी. पुढच्या पितळी पट्टीवर इंग्रजी अक्षरं होती. माझी चौथीपर्यंतची मराठी शाळा, मला ती वाचता आली नाहीत आणि मी विचारलंही नाही. विलायतेत बनलेली आहे एवढं हे दिवसातून दोनदा सांगायचे. मला दिसायचं ते वेगळं. सीटचं कातडं उंदरांनी कुरतडलेलं, आतला काथ्या बाहेर. टायर चिरलेले. दार उघडलं की कोंबड्यांचा आणि जुन्या तेलाचा वास. आल्या आल्या तिनं अर्धं अंगण अडवलं. शेजारच्या नरसम्माची सूत वाळवायची जागा गेली. नरसम्मा तेलगू विणकराची बायको, जिभेनं तिखट पण मनानं सरळ. ती म्हणाली, "अक्का, म्हैस आणली असती तर दूध तरी दिलं असतं." मी म्हटलं, "हिला चारा लागत न्हाई तेवढं नशीब."

नंतर कळलं की तीही पाणी मागते.

ह्यांच्या डोक्यात काय होतं ते मला दोन-चार दिवसांत कळलं. वकीलसाहेबांची लेक पहिल्या बाळंतपणाला बार्शीहून माहेरी आली ती ह्याच गाडीतून. सातवा महिना. हे गाडी चालवत होते. ती गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे: वाटेत एकदाही ब्रेक जोरात दाबला नाही, खड्डा दिसला की गाडी चालण्याच्या वेगानं घेतली, आणि घरी पोचल्यावर ती पोरगी म्हणाली, झोप लागली होती मला. आमच्या नंदाचं लग्न दुधनीला झालं होतं, दोन वर्षं झाली होती, आणि तिला दिवस गेले होते. तिला फाल्गुनात सातवा लागणार होता.

"वकिलांच्या लेकीला मी असं आणलं," हे म्हणाले. "माझ्या लेकीनं एस.टी.त लोंबकळत यायचं?"

"बसून आणू की. गर्भार बाईला उठून जागा देतात लोक."

"तू गप."

मी गप बसले. पुढं त्याचा हिशेब मीच द्यायचा होता, पण तेव्हा काय माहीत.

दुरुस्तीला मौलामिस्त्री यायचा. ह्यांचा जुना दोस्त, ट्रकच्या गॅरेजात कामाला. त्याला सुट्टी जुम्म्याची. दुपारची नमाज झाली की टोपी खिशात घालून सायकलवर यायचा आणि दिवस मावळेपर्यंत गाडीखाली असायचा. म्हणजे आठवड्याला एक दुपार. बाकीचे सहा दिवस हे गाडीभोवती फिरायचे, नट पुसून ठेवायचे, आणि पुढच्या शुक्रवारी काय करायचं ते मला सांगायचे. मला त्यातलं काही नको होतं तरी सगळं पाठ झालं. इंजिन गंजून धरलं होतं. त्यात रॉकेल आणि तेल ओतून पंधरा दिवस मुरत ठेवलं. दोघं पुढनं हँडल घालून फिरवायचे, हँडल हलायचं नाही, दोघांच्या मानेच्या शिरा फुगायच्या. तिसऱ्या शुक्रवारी ते बोटभर हललं. मौलामिस्त्रीनं हँडल सोडून आकाशाकडं बघितलं आणि म्हणाला, "भाबी, बुड्ढी है, मरी नहीं."

"म्हाताऱ्याला झोपेतनं उठवून काय मिळतं तुमाला?"

"गाली मिलती, भाबी. तुमारी."

हे हसले. त्या उन्हाळ्यात ते हसायचे. हे मला नोंदवून ठेवलं पाहिजे, कारण पुढं तो आवाज मी फारसा ऐकला नाही.

इंजिनात मध्ये बसणारं पॅकिंग कुठं मिळेना. एवढ्या जुन्या गाडीचं कोण ठेवतंय. पुण्याला जाणाऱ्या एकाकडं माप दिलं. तो तीन आठवड्यांनी घेऊन आला ते बसलंच नाही. मग मौलामिस्त्रीनं पत्रा कापून हातानं घडवलं. त्यात फाल्गुन गेला.

सातव्यात हिरवी चोळी घेऊन जायचं, लेकीची ओटी भरायची आणि तिला घेऊन यायचं, ही आमची रीत. मी चोळी शिवून ठेवली होती. दर शुक्रवारी मी विचारायची, उद्या एस.टी.नं जाऊ का, आणि हे म्हणायचे, "पुढच्या जुम्म्याला चालू होतीय की." असे चार शुक्रवार. मग दुधनीहून जावयाच्या हातचं कार्ड आलं. विहीणबाईंनी सांगून लिहवलेलं. तुमची वाट बघितली. आता आठवा लागला आहे. आठव्यात आमच्याकडं लेक हलवत नाहीत. नववा लागला की या.

आमच्याकडंही हलवत नाहीत. कुणाकडंच नाही. का नाही ते मी माझ्या आईला विचारलं नव्हतं, तिनं तिच्या आईला विचारलं नसेल. आठव्यातलं मूल जगत नाही म्हणतात, म्हणून आठव्यात बाईला जागची हलवायची नाही. तेव्हा कुणी डॉक्टर येऊन म्हणाला असता, काही होत नाही, आणा, तरी मी आणलं नसतं.

इथं ह्यांना दोष देऊन मला मोकळं होता येतं. पुष्कळ वर्षं मी तसंच केलं. पण मला एस.टी.चं तिकीट काढायला नवऱ्याची गाडी लागत नव्हती. नंदाच्या पाठच्या दोन पोरांना नरसम्माकडं ठेवून सकाळी जाऊन संध्याकाळी मी तिला आणू शकले असते. मी गेले नाही. विहीणबाई लग्नात म्हणाल्या होत्या, ड्रायव्हरची पोरगी आहे पण वळणाची आहे. ते 'पण' मला बोचलं होतं. त्यांच्या दारात आपण गाडीतून उतरावं असं मलाही वाटत होतं. ह्यांना ते मी कधी सांगितलं नाही. त्यांना वाटायचं, सगळा हट्ट त्यांचा एकट्याचाच.

चैत्रात एका शुक्रवारी गाडी चालू झाली. हँडल मारता मारता तिनं एकदा उलटा झटका दिला आणि ह्यांचं मनगट सुजलं. चौथ्या फेरीला आतून खोकल्यासारखा आवाज आला, मग धूर, एवढा धूर की नरसम्मानं वाळत घातलेलं सूत गोळा करत तेलगूत काहीतरी लांबलचक ऐकवलं. तिची शेळी दावं तोडून पळाली. आणि धुरातून गाडी धडधडत उभी. गल्लीतली माणसं माग सोडून बाहेर आली. ह्यांनी सगळ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली: दोन दारांच्या मधल्या खांबातून एक छोटा लाल हात बाहेर यायचा, वळायच्या बाजूचा. बटण दाबलं की हात बाहेर, सोडलं की आत. माणसं म्हणायची, परत दाखवा. हे परत दाखवायचे. मनगटाला चिंधी बांधलेली, आणि तोंडभर हसू.

मी पाण्याच्या रांगेत घागर लावून आले होते. घागरीचा नंबर जाईल म्हणून मी बघत थांबले नाही.

पाण्याचं सांगते, कारण सगळं तिथं येऊन अडतं. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, कधी चौथ्या. माणशी दोन घागरी. एक पाणी चारदा वापरायचं. डाळ धुतलेलं मी नरसम्माच्या शेळीला द्यायची. नरसम्मा खळीची भांडी खंगाळलेलं पाणी मला द्यायची, त्यानं मी जमीन सारवायची. पाटावर बसून अंघोळ, खाली परात, परातीतलं पाणी संडासाला. हे सगळ्या घरात चालायचं, त्यात मोठेपणा काही नाही. आणि अशात मौलामिस्त्रीनं रेडिएटर उतरवून सोडा घालून उकळला, दोन बादल्या पाण्यानं धुतला. "थोडा पानी देव ना, भाबी." मी म्हटलं, प्यायला देते, धुवायला देत न्हाई. तो म्हणाला, "मेरेकू नको. इसकू." ह्यांनी स्वतः जाऊन कुठनं तरी दोन बादल्या आणल्या, आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

वैशाख लागला, नंदाला नववा लागला. निघायचं ठरलं. मौलामिस्त्रीनं निघायच्या आदल्या दिवशी येऊन ह्यांना सांगितलं, रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, साफ पाणी, आणि वाटेत वर घालायला डबा बरोबर ठेवा. ह्यांची रात्रपाळी होती. जाताना मला म्हणाले, "पहाटे मी सुटून येईपर्यंत पाणी भरून ठेव. झाकण उघडून ठेवलंय. डबा पण भर."

माझ्याकडं दोनच घागरी उरल्या होत्या. टँकर आणखी दोन दिवस येणार नव्हता. दुसऱ्या दिवशी घरात बाळंतपणाची लेक येणार होती. कोपऱ्यात नरसम्माची घागर होती, खळीची भांडी धुतलेल्या पाण्याची. तीन दिवस स्थिर राहिलेली. खाली पांढरा गाळ बसला होता आणि वर पाणी अगदी निवळ. मी ते न हलवता वरचं वरचं ओतून घेतलं, लुगड्याची चार पदरी घडी करून गाळलं, आणि गाडीत भरलं. डबाही तेच भरून ठेवला. बघून कुणाला कळलं नसतं, आणि आंबूस वास तर सगळ्या गल्लीलाच होता. मला वाटलं, लोखंडाला काय कळतंय. उलट मी स्वतःवर खूश होते की प्यायचं पाणी वाचवलं.

पहाटे निघालो. गार वारा होता. रस्ता रिकामा, गाडी बरी चालली. ह्यांनी एकही खड्डा जोरात घेतला नाही. मी पुढं बसले होते, मांडीवर हिरवी चोळी आणि ओटीचं सामान. मध्ये एकदा हे म्हणाले, "सीट टोचतीय का?" मी म्हटलं, "न्हाई." टोचत होती. एवढंच आमचं बोलणं, पण ते चांगलं होतं.

दुधनीला विहीणबाई दारात आल्या. मी गाडीतून उतरले. आजूबाजूची माणसं जमली होती. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

नंदा बाहेर आली, पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. गाडीला हात लावून म्हणाली, "अप्पा, वकिलांची का ही?" हे म्हणाले, "आपली."

ओटी भरून, चार घास खाऊन दहाला निघालो. विहीणबाई म्हणाल्या, "ऊन उतरू द्या की. पोरगीला उन्हात कुटं नेताय?" ह्यांना रात्री पाळी होती आणि त्याआधी डोळा लागायला हवा होता. विहीणबाईंनी फिरकीचा तांब्या भरून दिला. त्यांच्याकडंही पाण्याची तीच तऱ्हा. देताना हात आखडलेला मला दिसला, आणि मला राग आला नाही.

अक्कलकोटच्या अलीकडंच नंदाच्या पोटात दुखायला लागलं होतं. तिनं सांगितलं नाही. अप्पा एवढ्या हौसेनं चालवताहेत म्हणून, असं नंतर म्हणाली. अक्कलकोट ओलांडून गेल्यावर तिनं माझा खांदा धरला. मी मागं जाऊन बसले. ह्यांनी गाडी जरा पळवली. ह्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता, तो पुसायला त्यांनी हात उचलला नाही. डब्यातलं पाणी एकदा थांबून घातलं. पुन्हा निघालो. मग चढ लागला, गाडी कण्हायला लागली, आणि मला वास आला.

रबर जळाल्याचा नव्हे, तेलाचाही नव्हे. शिजलेल्या पेजेचा वास. आमच्या गल्लीचा. हे खाली उतरून झाकण उघडेपर्यंत मला सगळं कळलं होतं. रेडिएटरच्या तोंडातून पांढरा फेस उतू जात होता, जसा चुलीवरून जातो. हे त्याच्याकडं बघत उभे. "हे काय झालं?" ते म्हणाले. मला नाही, गाडीला.

म्हणून मी तांब्या दिला नाही. पोरीसाठी राखला हे खरंच आहे. पण त्या पाण्यानं गाडी हलणार नाही हेही मला माहीत होतं. आतली वाट खळीनं बंद झाली होती. ती गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. ते हात पसरून उभे होते आणि मी नुसतं नाही म्हणाले.

मग हे रस्त्यानं पळत सुटले. मागं एका ठिकाणी दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या, येताना दिसल्या होत्या. तिथनं तिघी आल्या. पुढची शेवंताबाई, पन्नाशीची, काळी, उंच. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, दगड लागू नये म्हणून. गाडीत डोकावून तिनं एकदा बघितलं आणि बाकीच्या दोघींना म्हणाली, "लुगडी धरा." ह्यांना म्हणाली, "तुमी तिकडं तोंड करा. बघायचं काय न्हाई हितं." मग मला, "पाणी हाय का? हात धुते." मी तांब्या दिला. तिनं चिंध्या सोडल्या, चूळभर पाण्यात हात धुतले, उरलेलं नंदाच्या तोंडाला लावलं. "पोरी, घे. लई न्हाई, एक घोट."

दोन तास लागले असतील. गाडीचा टप एवढा तापला होता की आतून हात लागला तरी चटका बसत होता. सगळी दारं उघडी. त्या दोघी लुगड्यांचा आडोसा धरून उन्हात उभ्या, हात एकदाही खाली घेतले नाहीत. मधूनच एक म्हणाली, "मुकादम खाडा मांडतंय बघ आता," आणि दुसरी म्हणाली, "मांडू दे. तेला बी कुणीतरी असंच काढलंय." नंदा त्या कळांतही हसली. मला ते हसू दिसलं.

मुलगा झाला. बारीक रडला. नाळ शेवंताबाईनं कापली, कशानं कापली ते मी बघितलं नाही. त्यांच्या मडक्यातलं पाणी त्यांनी आणून दिलं, दिवसभराचं त्यांचं पाणी. मग खडीचा ट्रक आला, त्यात आम्हाला बसवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ माझ्या पदरात होतं आणि मी वाटभर त्याच्यावर सावली धरली. ह्यांनी गाडीकडं वळून बघितलं नाही. किल्ली तिच्यातच राहिली होती.

चार दिवसांनी बैलांनी ती परत ओढत आणली. हे डबा घेऊन दवाखान्यात गेले असताना मौलामिस्त्री आला. जुम्मा नव्हता तरी आला. रेडिएटर उतरवून त्यानं तार घातली. तारेला पांढरं चिकट आलं. त्यानं ते दोन बोटांत चोळलं, वास घेतला. त्याचा भाऊ मागावर कामाला होता, त्याला काय सांगायचं. माझ्याकडं बघितलं.

"भाबी, ये तो खळ है."

"व्हय."

"तुमनं डाला?"

"व्हय. गाळून डाला."

त्यानं तार पुसली. "शिवप्पाभाईकू नको बोलो. मैं बोलता, पुराना था, अंदरसे सड गया था. ये बात हितंच रहने दो."

मी हो म्हटलं. त्यानं ह्यांना तसंच सांगितलं, आणि मी बाजूला मागाच्या सुताच्या कांड्या भरत बसले होते.

पुढं जन्मभर हे म्हणत राहिले, सातव्यात एस.टी.नं आणायला पाहिजे होतं. जेवताना मध्येच म्हणायचे. शेवटच्या आजारपणात छताकडं बघून म्हणायचे. प्रत्येक वेळी माझ्या तोंडात ते येऊन थांबायचं, की नुसतं तेवढंच नव्हतं, पाणी माझं होतं. एकदाही बाहेर आलं नाही. सांगितलं असतं तर त्यांचं ओझं निम्मं झालं असतं. मी ते त्यांना एकट्याला वाहू दिलं. मौलामिस्त्रीला शब्द दिला म्हणून, असं मी स्वतःला सांगायची. तेही खरं नव्हतं. मला ते माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला नको होते.

गाडी त्याच पावसाळ्यात मोडीत गेली. अंगणात तुकडे करूनच नेली. हे त्यानंतर कुणाचीच गाडी चालवायला बसले नाहीत. वॉचमनच राहिले.

आता हे लिहिते आहे तर नंदाला कळेल. ती माझी लेक आहे, तिला विचारायचं ते विचारू दे. माझ्याजवळ उत्तर एवढंच आहे, जे वर लिहिलं.

मुलगा आठवडाभर होता. शेवटी त्याला दूध ओढता येईना; नाळेतून धनुर्वात झाला, असं दवाखान्यात म्हणाले. नंदा जगली, ती दुधनीला असते. हे त्यानंतर चौदा वर्षं होते. मी आहे.